भिंतीतल्या उंदराचे साडेसहा हजार

सोलापूरच्या जुन्या पेठांमधून "घरातला वास हुडकून देतो" म्हणत एक माणूस फिरतोय. माझ्या मामांना त्यानं साडेसहा हजारांना बुडवलं. त्याची पद्धत कळली तर दुसरं कुणी फसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मामा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मधल्या खोलीत मासळीसारखा वास यायला लागला. रोज नाही. एखाद्या सकाळी अख्खी खोली भरून जायची, दुपारपर्यंत काही नाही. मामींनी कपाटं पुसली, मोरीत फिनेल ओतलं, माळ्यावरची अडगळ उपसली. घर माळवदाचं, तुळया लाकडी, त्यामुळं जो येईल तो म्हणायचा, "उंदीर मेला असंल कुठंतरी."

नेमकं हेच तो माणूस म्हणाला. गळ्यात ओळखपत्र, हातात पेनाएवढं यंत्र. "वासाचं मीटर आहे काका." भिंतीवरून फिरवताना एका जागी ते पीं-पीं करायला लागलं, लाल दिवा लागला. मग औषधाची वाफ डोळ्यात जाते म्हणून सगळ्यांना बाहेर काढून आतून दार लावलं. बऱ्याच वेळानं बाहेर आला तो शेपटीला धरलेला उंदीर घेऊन. तुळईच्या खोबणीत सापडला म्हणे. साडेसहा हजार रोख. बिल मागितलं तर, "व्हॉट्सॲपवर टाकतो मावशी."

पुढचे काही दिवस वास नाही. सगळी गोम इथंच आहे. वास येऊन-जाऊन आहे, हे मामींनी त्याला आल्याआल्याच सांगितलं होतं. म्हणजे नुसता अंगारा लावून गेला असता तरी चार दिवस गुण आलाच असता! वास परत आला तेव्हा फोनवर उत्तर तयार होतं: "जोडी असणार. आणखी चार हजार लागतील." तेव्हा मामांनी मला बोलावलं.

उंदराचा फोटो मामांनी काढून ठेवला होता, ते बरं केलं. फोटो मोठा करून बघितला तर पायांना आणि पोटाच्या केसांना पिवळट चिकट लागलेलं. उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्यावरचा गोंद. मामांच्या घरात तसला पुठ्ठा कधी आणलेलाच नाही. शिवाय मेलेल्या उंदराचा वास असा सुट्ट्या घेत येत नाही. रात्रंदिवस राहतो, आधी वाढत जातो, माश्या-मुंग्या लागतात, मग सावकाश विरतो.

मी मामींना एवढंच विचारलं, की वास येतो त्या दिवशी घरात वेगळं काय असतं? त्या पटकन म्हणाल्या, "पाणी येतंय की त्या दिवशी."

आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड. नळ आला की हौद भरायचा आणि मोटर लावून वरची टाकी भरायची. एक एचपीची ती मोटर मधल्या खोलीतल्या जुन्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालत होती. ओळखीच्या वायरमननं बोर्ड उघडला तर सॉकेटची मागची बाजू तपकिरी होऊन वितळलेली. आतला स्क्रू ढिला झाला की तिथं तार तापते, आणि बोर्डाचं प्लास्टिक तापलं की त्याला बऱ्याचदा मासळीसारखा, कधी लघवीसारखा वास येतो. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, कारण करंट तेवढा जास्त नसतो, फक्त सांधा तापत असतो. म्हणजे मेलेल्या उंदराच्या भरवशावर ते घर पेटायची वाट बघत बसलं होतं. १६ अँपिअरचं सॉकेट, नवी जाड वायर, मजुरी धरून खर्च उंदराच्या मानानं किरकोळ. त्यानंतर वास नाही.

आणि ते मीटर! वर्णन ऐकून वायरमन हसायलाच लागला. खिशातून तसंच पेन काढून त्यानं भिंतीला लावलं, पीं-पीं. भिंतीतली चालू वायर दाखवणारं टेस्टर, बाजारात दोन-तीनशेला मिळतं. गंमत बघा, त्या लबाडाचं यंत्र बरोबर जागेवर वाजलं होतं.

तेव्हा असा वास आला तर आधी मोटर, गिझर, इस्त्री, कूलर यातलं काय चालू आहे ते बघा. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. गरम बोर्डाला स्वतः हात घालू नका. गॅसचा वास आला तर गोष्ट वेगळी: कुठलंच बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडून १९०६ ला फोन लावा. आणि जो दार लावून एकटा काम करतो म्हणेल, त्याला तिथूनच परत पाठवा.

मामा तक्रार करायला तयार नव्हते, गल्लीत हसं होईल म्हणून. मामींनीच ग्राहकांच्या १९१५ या नंबरवर फोन लावला. बिल नाही, त्यामुळं उंदराचा फोटो आणि त्याचा मोबाइल नंबर एवढाच पुरावा आहे. तो नंबर आता बंद लागतोय.