व्हीएआर (फुटबॉलमधला व्हिडिओ रेफ्री): पाचपैकी तीन स्टार

आमचं घर अर्जेंटिनावालं. कोल्हापुरात हे आधीच सांगितलेलं बरं. 22 नोव्हेंबर 2022, वर्ल्ड कपातली सौदीविरुद्धची मॅच. दुपारी साडेतीनला दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. दहाव्या मिनिटाला व्हीएआरनंच पेनल्टी दिली, मेस्सीनं गोल केला, मी पेढे मागवले. मग आमच्याच लाउतारोनं गोल मारला, मी स्टुलावर चढलो आणि व्हीएआरनं ऑफसाइड दिला! म्हणजे पास सुटताना तो सौदीच्या बचाववाल्यांच्या पुढं होता, तेही नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढा. सगळ्यांसमोर गपचूप स्टुलावरून उतरणं काय असतं, ते मला विचारा. मॅच 2-1 नं गेली. पेढे खाल्ले, फुकट कशाला घालवायचे.

यंत्राला नावं ठेवणार नाही. त्या वर्ल्ड कपात छताखाली 12 कॅमेरे होते, खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपायचे; बॉलमधला सेन्सर 500 वेळा. लाइनमन बिचारा काय पुरा पडणार?

घोळ माणसांचा. 2023 मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या दियाझचा गोल चांगला होता. मैदानावर ऑफसाइड दिलाय हेच व्हीएआरवाल्यांच्या ध्यानात नव्हतं. ‘तपासलं, बरोबर आहे’ म्हणाले, रेफ्रीला वाटलं ऑफसाइडच बरोबर, आणि गोल गेला तो गेलाच.

आता गोल झाला की आमची पोरं आधी रेफ्रीचा हात कानाकडं जातोय का बघतात, मग ओरडतात. स्टूल मी माळ्यावर टाकलंय.