ऑफिसचे वार ठरलेले असावेत की मर्जीचे?

दोन नोकऱ्या समोर आहेत, दोन्ही हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिसात, काही घरून. एकीत ऑफिसचे वार कंपनी ठरवते. दुसरीत महिन्याचे दिवस भरायचे, कधी ते तुम्ही बघा. ऐकायला दुसरीच बरी वाटते.

पण ठरलेले वार चालतात, याला भक्कम पुरावा आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीत १,६१२ जणांवर प्रयोग केला. तो २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांची जन्मतारीख विषम, त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम. बाकीचे पाचही दिवस ऑफिसात. पहिल्या गटात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, आणि पुढच्या दोन वर्षांत मूल्यमापनात किंवा बढतीत फरक दिसला नाही. लांबून येणाऱ्यांना आणि स्त्रियांना जास्त फायदा झाला. मात्र इथे तुलना पूर्णवेळ ऑफिसशी होती, मर्जीच्या वारांशी नाही. हे विसरून बरेच जण हा अभ्यास पुढे करतात.

मर्जीच्या वारांचं सुख खरं आहे. मूल तापलं, नळ फुटला, तर कुणाची परवानगी लागत नाही. गोम अशी, की तासभर प्रवास करून पोचावं तर टीम घरी, आणि आपण कानाला हेडफोन लावून तिच्याशीच व्हिडिओवर बोलतोय. घरूनही हेच झालं असतं, शिवाय प्रवास वाचला असता.

दुसरी अडचण साहेबाच्या नजरेची: समोर दिसत नाही, तो मागे पडू शकतो. याच कंपनीतल्या कॉल सेंटरमध्ये आधी एक प्रयोग झाला होता, त्याचा शोधनिबंध २०१५ चा. जवळजवळ पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण त्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. पुढे निवड करायची वेळ आली तेव्हा त्यातले बरेच जण ऑफिसात परतले. एकटेपणा नको झाला होता.

नवखे असाल तर ठरलेले वार घ्या, माझं तरी हेच मत. शेजारी बसलेल्याला सहज विचारता येतं. मेसेज टाकायला मात्र धीर गोळा करावा लागतो. अनुभवी असाल आणि काम एकट्याने होणारं असेल, तर मर्जीचे वार खुशाल घ्या.

मुलाखतीत धोरण विचारू नका, ते कागदावर छानच असतं. मागच्या आठवड्यात टीम कोणत्या वारी एकत्र बसली होती, एवढंच विचारा.