बंद पडलेला लॅपटॉप वाय-फायवरून दुरुस्त करणं: व्हीप्रो एएमटीचा अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एनीडेस्क लावून दूरचा लॅपटॉप नीट करणं आता कुणाला नवीन नाही. पण त्यासाठी समोर विंडोज सुरू झालेलं लागतं. निळा स्क्रीन आला किंवा लोगोखालचे ठिपके नुसते फिरत राहिले, की तिथे एनीडेस्कचा काही उपयोग नाही. आमच्याकडे काम अडतं ते नेमकं अशाच लॅपटॉपमुळे. त्यांच्यासाठी मी एएमटी (अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी) वापरतो. इंटेलच्या व्हीप्रो नावाच्या बिझनेस लॅपटॉपमधली ही सोय विंडोज बंद असतानाही लॅपटॉप दुरून हाताळू देते.

मी नागपुरातल्या एका मालवाहतूक कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघतो. ऑफिस धरमपेठेत, गोदामं वाडी, कापसी आणि बुटीबोरीला. गाड्या भरतात संध्याकाळनंतर. ठरावीक किमतीवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना लागतो, त्यामुळे लॅपटॉप बसला की भरलेली गाडी गोदामातच उभी. मग फोन येतो, "भाऊ, लॅपटॉप सुरूच नाही होऊन राहिला, ड्रायव्हर डोक्यावर उभा आहे." बुटीबोरी ऑफिसपासून तीसेक किलोमीटर. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत दुपारी वर्धा रोडने बाइकवर जायचं, तिथे दहा मिनिटांचं काम करायचं आणि परत यायचं, असं किती वर्षं चालणार?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. इलाज सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण बहुतेक ठिकाणी ती प्रत्येक मशीनसमोर बसून करावी लागली. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, तरी त्या दिवशी मी व्हीप्रोबद्दल गंभीरपणे वाचायला सुरुवात केली.

इंटेलच्या व्हीप्रो लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरपासून वेगळा एक छोटा कंट्रोलर असतो. एएमटी त्यावर चालतं. विंडोज मेलं तरी तो जिवंत असतो आणि स्वतः नेटवर्कवर येऊ शकतो. ही सोय २००६ साली डेस्कटॉपवर आली, २००७ मध्ये वाय-फायसह लॅपटॉपवर, आणि २०१० पासून समोरच्याचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस थेट हातात मिळू लागले. म्हणजे बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगची) पानंसुद्धा मी माझ्या खुर्चीतून बघू शकतो. हे सगळे लॅपटॉप एका जागेवरून सांभाळणाऱ्या सर्व्हरसाठी मी मेशसेंट्रल हे सॉफ्टवेअर वापरतो, ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. खर्च झाला तो फक्त लॅपटॉपचा, आणि आम्ही रिफर्बिश्ड बिझनेस मॉडेल्स घेतल्याने तोही आवाक्यात राहिला.

कापसीचं एक प्रकरण सांगतो, म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. विंडोज अपडेट चालू असताना लाइट गेली. बॅटरी आधीच संपायला आलेली, लॅपटॉप मध्येच बंद झाला. लाइट आल्यावर तो सुरू व्हायचा, ठिपके फिरायचे आणि पुन्हा रीस्टार्ट व्हायचा. मी मेशसेंट्रलवरून जोडणी मागितली, तिकडे स्क्रीनवर सहा आकडे उमटले. गोदामाचं काम बघणाऱ्या मुन्शीजींनी ते फोनवर वाचून दाखवले, मी टाकले आणि त्यांच्या स्क्रीनभोवती लाल-पिवळी चौकट लुकलुकायला लागली. ती चौकट असेपर्यंत कुणीतरी दुरून बघतंय हे समोरच्याला कळतं. सहा आकड्यांची ही परवानगी सेटिंगमधून बंद करता येते, मी मुद्दाम चालू ठेवली आहे. गोदामातला माणूस त्या लॅपटॉपवर स्वतःचं बँकेचं कामही करतो, त्याला न विचारता त्याचा स्क्रीन बघणं मला पटत नाही.

विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे दुरुस्तीची साधनं असलेला डिस्कचा वेगळा भाग, शाबूत होतं. तिथून कमांड प्रॉम्प्ट उघडला, तर डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने ४८ आकडी की (किल्ली) मागितली. सगळ्या लॅपटॉपच्या की आधीच काढून कुलूपबंद ठेवल्या होत्या, म्हणून पुढचं जमलं. अर्धवट राहिलेलं अपडेट विंडोजच्या डिझम या कमांडने मागे घेतलं, डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवली, रीस्टार्ट दिला. गाडी त्याच रात्री निघाली. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आज सगळं सोडून बिटलॉकरच्या की गोळा कराव्यात. की नसेल तर एएमटी तुम्हाला फक्त कुलूप दाखवेल.

आता वाय-फायबद्दल, कारण तारेने जोडलेल्या मशीनपेक्षा इथलं वागणं बरंच वेगळं आहे. वाय-फाय कार्ड इंटेलचंच लागतं. राउटरचं नाव आणि पासवर्ड त्या कंट्रोलरमध्ये वेगळे साठवावे लागतात. विंडोजला माहीत आहे म्हणजे कंट्रोलरलाही माहीत आहे, असं धरून चालू नका. विंडोज चालू असेपर्यंत रेडिओ विंडोजच्या ड्रायव्हरच्या ताब्यात असतो. विंडोज कोसळलं की कंट्रोलर तो आपल्याकडे घेतो, आणि या हस्तांतरात जोडणी तुटते. दर रीस्टार्टला हेच होतं. सुरुवातीला हात थरथरतात, पण घाईने पुन्हा पॉवर बटण दाबायला सांगू नये. थोडं थांबलं की लॅपटॉप परत यादीत दिसतो. चार्जर लावलेला नसेल तर बंद लॅपटॉप वाय-फायवर सापडत नाही, म्हणून आमच्याकडे फोनवरचा पहिला प्रश्न आता "चार्जर लावला का?" हाच असतो. दुसरा, झाकण उघडं आहे का. झाकण मिटलेलं असेल तर मला काळा चौकोन दिसतो.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती हॉटस्पॉटची. एक ठरावीक नाव आणि लांबलचक पासवर्ड मी प्रत्येक लॅपटॉपच्या कंट्रोलरमध्ये साठवून ठेवला. गोदामाचं ब्रॉडबँड गेलं की मुन्शीजी मोबाइलवर त्याच नावाचा हॉटस्पॉट चालू करतात. मोबाइल नेटवर्कमधून बाहेरून आत शिरता येत नाही, पण एएमटीला स्वतःहून आमच्या सर्व्हरला हाक मारायला शिकवता येतं, त्यामुळे हा अडथळा उरत नाही. हॉटेलात किंवा स्टेशनवर असतं तसं लॉगिनचं पान उघडणारं वाय-फाय मात्र इथे चालत नाही.

वाय-फायवरून दूरची आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची फाइलरूपी प्रत) जोडून बूट करण्याची सोय आहे, ती मी फारशी वापरत नाही. फार संथ चालते. त्याऐवजी प्रत्येक डिस्कवर रिकव्हरी पार्टिशन नीट आहे ना, हे दर काही आठवड्यांनी तपासतो.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करून हे वापरू नये. १ मे २०१७ ला जाहीर झालेल्या सीव्हीई-२०१७-५६८९ या त्रुटीमुळे पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवून एएमटीत शिरता येत होतं. २०१८ च्या जानेवारीत एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने दाखवलं की लॅपटॉप मिनिटभर हातात आला आणि मूळचा 'अ‍ॅडमिन' हा पासवर्ड बदललेला नसला, तर कुणीही एएमटी स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो. जुना लॅपटॉप घेतलात तर पहिलं काम फर्मवेअर (लॅपटॉपच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, दुसरं हा पासवर्ड बदलणं. व्हीप्रो वापरणार नसाल तरीही. एएमटी ज्यांतून नेटवर्कवर बोलतं ते पोर्ट १६९९२ ते १६९९५ थेट इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नका.

एसएसडी मेली, रॅम सैल झाली, गोदामातली धूळ पंख्यात जाऊन लॅपटॉप तापला, तर जावंच लागतं. पण आता काय मेलं आहे ते निघण्याआधी कळतं. बायोसमध्ये डिस्क दिसत नसेल तर मी नवीन एसएसडी घेऊनच निघतो, बघायला एकदा आणि बसवायला पुन्हा असं होत नाही. माझ्या लेखी हा फायदा प्रत्यक्ष दुरुस्तीइतकाच मोठा आहे.

घरी एकच लॅपटॉप असलेल्याने यात पडू नये, तयारीचा व्याप परवडत नाही. तीन-चार ठिकाणी मशीन असलेल्या छोट्या कंपनीने, सीए फर्मने, शाळा चालवणाऱ्या संस्थेने जरूर घ्यावं. घेताना व्हीप्रोचं नुसतं स्टिकर बघून पैसे देऊ नका. दुकानातच बायोसमध्ये जाऊन एएमटीचा पर्याय दिसतो का ते पाहा, कारण काही मशीनमध्ये तो कायमचा बंद केलेला असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मॉडेल टाळा, दूरचा स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवरच दिसतो. बुटीबोरीचे जुने लॅपटॉप अजून बदलायचे आहेत आणि त्यांच्या जागी काय घ्यायचं ते ठरलेलं आहे.