नांदूर मध्यमेश्वर: आधी पाण्याची पातळी विचारा, मग निघा

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, पाणगवत वाढलं आणि निफाड तालुक्यातलं हे उथळ पाणी पक्ष्यांचं माहेर झालं. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा; 2020 साली ते जाहीर झालं. राजस्थानातल्या पक्षी अभयारण्यावरून पडलेलं 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे नाव तिला शोभतं, पण कोणत्याही दिवशी गेलं की शोभतं असं नाही.

कारण हा बंधारा पक्ष्यांसाठी नाही, शेतीसाठी आहे. गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की पातळी चढते आणि काठचा चिखल बुडतो. चिखलात चोच खुपसून खाणारे तुतवार, शेकाट्या लगेच दुसरीकडे जातात आणि बदकं लांब मधोमध सरकतात. पातळी उतरती असेल तर तेच पक्षी काठाशी येतात, साध्या दुर्बिणीच्या टप्प्यात. म्हणून निघण्याआधी काठच्या चापडगावच्या गाइडला फोन करून 'पाणी किती आहे?' एवढं विचाराच. 'किती पक्षी आलेत?' यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

नाशिकहून संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून सायखेडा, करंजगाव करत चापडगाव. अंतर साधारण 40 किलोमीटर, पण शेवटच्या टप्प्यात ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात, तेव्हा सव्वा तास धरा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अभयारण्याच्या फाटकाशी असावं. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे. स्वेटर, कानटोपी लागतेच. पाण्यावर धुकं असेल तर घाई करू नका, ऊन आलं की ते विरतं. साडेदहानंतर मात्र पाण्यावरची हवा तापून थरथरते. मग टेलिस्कोपमध्ये 40 पट मोठं करूनही पिसांचा तपशील दिसत नाही. नऊला घरून निघणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10×42 चालते, पण हात थोडा हलला की चित्र जास्त हलतं. टेलिस्कोप असलेला स्थानिक गाइड घेणं हा इथला सगळ्यात चांगला खर्च. गवतात बसलेला पक्षी त्याला सवयीने दिसतो, आपल्याला तासभर दिसत नाही. पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर टेलिस्कोप लावलात तर सोबत्यांना पायऱ्यांवर थांबवा, चढउतारीने चित्र हलतं.

पाणी जवळ असेल तर जांभळी पाणकोंबडी पाहायलाच हवी. ती देठ उपटते, पायाच्या बोटांत मुठीसारखा धरते आणि सोलून आतला पांढरा गाभा खाते. शेजारी काळे वारकरी पक्षी असतात. ते उडताना पाण्यावर पाय आपटत धावतात, तो फडफडाट लांबवर ऐकू येतो. थापट्या बदकं गोल गोल फिरताना दिसली तर थांबा. त्या भोवऱ्याने खालचं अन्न वर येतं आणि रुंद चोचीने ते गाळून घेतात. पाण्यावरचे वारकरी एकाएकी गोळा झाले की मान वर करा: दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून कमी उंचीवर तरंगत येत असतो. चित्रबलाक, चमचा, चक्रवाक, तलवार बदक हेही हिवाळ्यात दिसतात.

बांधावरून चालताना सरळ पक्ष्यांकडे जाऊ नका. तिरकं जा, दहा पावलांवर थांबा. पुढचा एक उडाला की मागचे शंभर उडतात आणि तासाभराचं पाहणं संपतं. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात. लाल-पांढरे कपडे नकोत. उसाच्या फडाजवळ अंधारात एकट्याने फिरू नका, या भागात बिबटे आहेत.

उणं एवढंच की सावली कमी, जेवणाची सोय भरवशाची नाही. पाणी आणि डबा घरूनच न्या. रविवारी गर्दी आणि मोठा आवाज. मंगळवार-बुधवार जमत असेल तर तोच धरा. गोदावरीतून वाहत येणारी जलपर्णी काही भागात पाणी झाकते, तिथे उघडं पाणीच उरत नाही. गाइड तुम्हाला दुसऱ्या काठाला, खाणगाव थडीकडे नेईल म्हणाला तर नाही म्हणू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य, त्यातही जानेवारी.