विजापूर रोडवरचा कॉम्प्युटर फॉरेन्सिकचा बेसिक क्लास : माझा अनुभव

मी सोलापूर कोर्टात ज्युनिअर वकील आहे, आमच्याकडं पक्षकार येतो तोच मोबाईल पुढं करत, साहेब ह्यात सगळं रेकॉर्डिंग आहे बघा म्हणत. ते कोर्टात टिकवायचं कसं हे मला धड माहीत नव्हतं म्हणून दोन शनिवार-रविवारचा हा क्लास लावला, आणि फी वसूल झाली.

सर पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक फाईल देतात, शा-२५६ हॅश, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठशासारखा लांबलचक आकडा, काढायला लावतात, मग त्यात एकच स्पेस वाढवून परत काढायला लावतात. अख्खा आकडा बदलतो! फाईलचं नाव बदललं तर मात्र हॅश तोच राहतो. हे स्वतःच्या हातानं केल्यावर डोक्यात पक्कं बसतं. नंतर राइट ब्लॉकर (मूळ पेनड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ न देणारं साधन) लावून पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, एफटीके इमेजर ह्या सॉफ्टवेअरनं घ्यायची, तपास कॉपीवरच करायचा, मूळ वस्तू सील, आणि ती कुणाच्या हातातून कुणाकडं कधी गेली त्याची तारीख-वेळेसकट नोंद. ऑटोप्सी हे अशा इमेजचा तपास करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी येऊन परत सराव केला.

सगळ्यात कामाचा भाग सीसीटीव्हीचा. फुटेज काढायच्या आधी डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक लिहून ठेवायचा, आणि उशीर करायचा नाही, कारण डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. हे आधी कळलं असतं तर आमची एक अपघाताची केस वाचली असती, अजून मनाला लागून आहे ते.

कायद्याचा तासही चांगला. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या सर्टिफिकेटचे आता भाग अ आणि भाग ब, ब एक्सपर्टनं भरायचा, आणि हॅश लिहावाच लागतो. जालन्याच्या निवडणुकीवरून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात गाजलेला खोतकर-गोरंट्याल निकालही नीट समजावला, मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर सर्टिफिकेट पाहिजेच.

कमी पडलं ते मोबाईलचं. फ्लाइट मोड, फॅराडे बॅग (मोबाईलचा सिग्नल अडवणारी पिशवी) एवढं सांगून तासाभरात उरकलं, आणि आमच्याकडं तर दहातले आठ पुरावे व्हॉट्सॅपचेच ओ. लॅपटॉपही दोघांत एक.

वकील, पोलीस खात्यातले, सीसीटीव्ही बसवणारे, सगळ्यांनी जावं. जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या.