जुनं विमान घेताय? कोणता गंज चालेल, कोणता नाही

सत्तरच्या दशकातली चार आसनांची सेसना किंवा पायपर आजही जगभर विकली-घेतली जाते. समजा, अशी दोन विमानं तुमच्यासमोर आहेत. पहिलं वर्षानुवर्षं समुद्रकाठी उघड्यावर उभं होतं, पण विक्रीला काढण्याआधी त्याला नवाकोरा रंग दिलाय. दुसऱ्याचा रंग विटलाय, पंखावर त्याचे पोपडे सुटलेत, पण ते कोरड्या मुलखात हँगरमध्ये राहिलंय. किंमत जवळपास सारखी. मी आधी दुसऱ्याकडे जाईन. पहिलं घेऊच नये असं नाही, पण त्याची पॅनेलं उघडून आत पाहिल्याशिवाय रुपयाचाही इसार देऊ नये.

विमानावर गंज किती दिसतो याला फारसा अर्थ नसतो. तो कोणत्या जातीचा आहे आणि कुठल्या भागाला लागलाय, यावर सौदा ठरायला हवा. सगळ्यात ओंगळ दिसणारा गंज बहुधा सगळ्यात स्वस्तात निपटतो, आणि विमान भंगारात घालवणारा गंज बाहेरून दिसतही नाही.

फिलिफॉर्म आणि पिटिंग

फिलिफॉर्म म्हणजे रंगाखाली वळवळत गेलेले बारीक धागे. रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, डोक्यापासून किंवा पत्र्याच्या कडेपासून ते निघतात. रंगाआधीची तयारी घाईत उरकली असेल, प्रायमर पुरता वाळला नसेल आणि हवा दमट असेल, तर हा हमखास येतो. नवखा गिऱ्हाईक ते पाहून पळ काढतो. खरं तर वेळेवर लक्ष दिलं तर हे मुख्यतः रंगाचं दुखणं आहे: रंग उतरवा, धागे घासून काढा, अलोडाइनची (धातूवर गंजरोधक थर चढवणारी रासायनिक) प्रक्रिया करा, पुन्हा प्रायमर आणि रंग. खर्च दणदणीत येतो, पण तो आधी मोजता येतो आणि किमतीतून वळता करून घेता येतो. वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर मात्र तो पातळ पत्र्यात खोल शिरतो.

पिटिंगचं उलट आहे. पांढरट-राखाडी भुकटीचा एखादा ठिपका असतो, पुसला की खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच धातूला राखतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. दिसायला किरकोळ, पण खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि फटीग क्रॅक, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने जाणारी चीर, सुरू व्हायला तेवढी जागा पुरते. तोच खड्डा दाराच्या पत्र्यावर असेल तर घासून, उरलेली जाडी मोजून, मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसते का ते पाहून पुढे जाता येतं. स्पारवर, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या मुख्य तुळईवर, असेल तर गोष्ट वेगळी.

याचं एक उदाहरण आहे. २६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सर्वेक्षणासाठी उडणाऱ्या सेसना टी २१० एम विमानाचा पंख हवेतच निखळला आणि आतले दोघंही गेले. केबिनच्या छतातून आरपार जाणाऱ्या, दोन्ही पंखांना जोडणाऱ्या कॅरी-थ्रू स्पारमध्ये फटीग क्रॅक सापडली, आणि तिची सुरुवात एका गंजाच्या खड्ड्यापासून झाली होती. या जागी आवाज कमी करायला चिकटवलेला फोम ओल धरून ठेवतो, आणि वरून अस्तर असल्यामुळे तिथे कुणाची नजर जात नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने अशा स्पारच्या सेसना २१० विमानांसाठी तपासणी सक्तीची केली. २१० किंवा तशाच स्पारचं सेसना १७७ घेत असाल तर त्या तपासणीची नोंद लॉगबुकात शोधा. सापडली नाही तर पुढचं बोलणंच नको.

एक्सफोलिएशन आणि स्ट्रेस कोरोजन

मिश्रधातूचे सूक्ष्म कण एकमेकांना जिथे भिडतात, त्या सीमांमधून गंज आत सरकतो तेव्हा त्याला इंटरग्रॅन्युलर म्हणतात. उष्णतेची प्रक्रिया चुकली, थंड करताना उशीर झाला, तर या सीमांवर तांब्याची संयुगं जमतात आणि धातू तिथे कच्चा राहतो. साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्यांत, म्हणजे स्पारच्या कॅप (वरची-खालची कड), स्ट्रिंजर (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) वगैरेंत, हे कण लांबट आणि चपटे झालेले असतात. मग गंज आडवा पसरतो, त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि धातूचे पदर शंकरपाळ्यासारखे सुटायला लागतात. हे एक्सफोलिएशन. बाहेरून काय दिसतं? रिव्हेटच्या रांगेत पत्रा किंचित फुगलेला, एखादं डोकं उडालेलं. नव्या रंगाच्या विमानावर तेही चटकन लक्षात येत नाही. तिरपा टॉर्च मारा, तळहात फिरवा.

इथे घासून भागत नाही. घासत जाल तसे खालचे पदर सुटतात, आणि स्पारची कॅप बदलणं म्हणजे पंख जवळजवळ मोकळा करणं. जुन्या छोट्या विमानात हा खर्च अनेकदा विमानाच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून माझा नियम सरळ आहे: फिलिफॉर्मवर घासाघीस करा, स्पारवरच्या एक्सफोलिएशनवर नमस्कार करून निघा.

स्ट्रेस कोरोजनला तीन गोष्टी एकत्र लागतात: नाजूक मिश्रधातू, सतत खेचणारा ताण, आणि ओल किंवा मीठ. ताण उड्डाणातलाच हवा असं नाही; भोकात घट्ट ठोकून बसवलेल्या बुशचाही (धातूच्या नळकांड्याचाही) चालतो, त्यामुळे उभ्या विमानातही चीर वाढते. ७०७५-टी६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ताकदीला उत्तम, पण या बाबतीत बदनाम. त्याच मिश्रधातूची टी७३ ही उष्णतेची प्रक्रिया थोडी ताकद सोडून हा धोका खूप कमी करते. लँडिंग गिअरची फिटिंग बदलून नव्या प्रक्रियेची बसवली असेल, तर ती विक्रेत्याच्या बाजूची जमेची गोष्ट धरा. चीर डोळ्यांना दिसेल या भरवशावर राहू नका. एडी करंटची (विजेच्या प्रवाहाने) किंवा डाय पेनिट्रंटची (चिरेत शिरणाऱ्या रंगाने) तपासणी लागते.

हे सगळं वाढू दिलं तर कुठवर जातं, ते तैवानमध्ये दिसलं. २२ ऑगस्ट १९८१ ला फार ईस्टर्नचं बोइंग ७३७ सान्यीजवळ हवेतच फुटलं, ११० जण गेले. पोटाच्या भागात आरपार खड्डे, इंटरग्रॅन्युलर चिरा आणि एक्सफोलिएशनने झिजलेला पत्रा, असं सगळं एकत्र सापडलं. १९८८ मध्ये हवाईत उडताना छत उखडलेल्या अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचा दाखला तर प्रत्येक जण देतो. तो खरा आहे, पण तुमच्या छोट्या सेसनाला केबिन प्रेशर नाही. प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखा ताणला जाणारा लॅप जॉइंट, म्हणजे एकावर एक आलेल्या पत्र्यांचा सांधा, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हे. तिचा प्रश्न स्पार आहे.

बाकीचे, थोडक्यात

गॅल्व्हानिक गंज दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, एवढ्यावर होतो. ॲल्युमिनियममध्ये कुणी हार्डवेअरच्या दुकानातला स्टीलचा स्क्रू पिळला असेल, तर भोवतीचा पत्रा खाल्ला जातो. हा गंज दुरुस्तीला सहसा सोपा, पण आधीच्या मालकाने कसली कामं कुणाकडून करून घेतली याची साक्ष देतो. रिव्हेटमागून निघालेला काळा ओघळ म्हणजे फ्रेटिंग: रिव्हेट सैल आहे आणि पत्रा हलतोय. बॅटरीच्या पेटीखाली हात घाला. लेड-ॲसिड बॅटरी सांडली असेल तर आसपासचं बरंच काही गेलेलं असतं. जेट इंधनावर चालणारं डिझेल इंजिनाचं विमान असेल तर टाकीच्या तळाच्या पाण्यात वाढणारी बुरशी हा आणखी एक भिडू. तिच्या आम्लाने टाकीचा तळ पोखरतो.

आणि “फार कमी उडालंय” या जाहिरातीला भुलू नका. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि कॅमला चक्क लोखंडाचा तांबडा गंज चढतो. रोज उडणारं जास्त तासांचं इंजिन मला त्यापेक्षा बरं वाटतं.

पुन्हा ती दोन विमानं

मिठाचं एक गणित आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात कोकणपट्टीत ही पातळी रोजचीच. जुहूच्या धावपट्टीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. तिथे उभं राहिलेलं विमान आणि धुळ्या-बारामतीकडे उभं राहिलेलं विमान यांचं वय कागदावर सारखं असलं तरी धातूचं वय सारखं नसतं. त्यात त्या काळच्या बऱ्याच सेसनांना आतून प्रायमर दिलेला नाही, तो जादा पैसे मोजून घ्यावा लागे. फ्लोटवर, म्हणजे पाण्यावर उतरवणाऱ्या तरंडांवर, चालवायच्या विमानांना तो दिलेला असे. म्हणून समुद्रकाठच्या विमानात आतून हिरवट-पिवळा प्रायमर दिसला, गोड्या पाण्याने धुतल्याच्या आणि एसीएफ-५० सारखं गंजरोधक फवारल्याच्या नोंदी दर एक-दोन वर्षांनी सापडल्या, तर माझं मत बदलू शकतं.

नव्या रंगाबद्दल दोनच प्रश्न विचारा: रंगाआधी काय सापडलं, आणि त्याची नोंद कुठे आहे? नोंद नसेल तर त्या रंगाचे पैसे किमतीत मोजू नका. ए.एम.ई., म्हणजे विमान तपासणारा परवानाधारक इंजिनिअर, तुमचा हवा, विक्रेत्याचा नको. पंखाची सगळी पॅनेलं, मागच्या सीटचं अस्तर आणि टाकीमागचा स्पार बोरस्कोपने (अरुंद जागेत घालायच्या कॅमेऱ्याने) पाहायची अट इसारपावतीतच लिहून घ्या. गंजरोधक फवारा मात्र तपासणीनंतर मारायला सांगा. आधी मारला की भुकटी तेलात भिजून जाते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते.