पुरात गाव कोणाच्या हाती? जुनी रीत की आयआरएस

वैनगंगेकाठच्या सरपंचाला मे महिन्यातच एक गोष्ट ठरवावी लागते. पूर आला तर सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल आणि चार धाडसी पोरं असं आजवर चालत आलं तसंच चालवायचं, की राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये दिलेली घटना प्रतिसाद प्रणाली, म्हणजे आयआरएस, गावापर्यंत आणायची? आपत्तीत कोणतं काम कोणाचं आणि कोणी कोणाचा हुकूम मानायचा, हे आधीच ठरवून ठेवणारी ही पद्धत.

जुन्या रीतीला मी कमी लेखणार नाही. नदीचा भोवरा कुठे फिरतो आणि डोंगा, म्हणजे छोटी नाव, कुठून काढायचा हे मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या माणसाला जितकं कळतं तितकं कोणत्याही फॉर्मला कळत नाही. फोन आला की माणूस निघतो, परवानगीसाठी थांबत नाही. पहिले दोन-तीन तास हीच रीत जीव वाचवते.

पण ती माणसांवर उभी आहे. तलाठ्याच्या साज्यात तीन-चार गावं असतात, तो नेमका दुसऱ्या गावात अडकतो. समजा, पोलीस पाटील मुलीकडे नागपूरला गेलेत. मग एका टोलीवर, म्हणजे गावाच्या एका वस्तीवर, दोन डोंगे जातात आणि दुसरीवर एकही जात नाही. कोण गेलं, कोण परत आलं, हे कोणालाच सांगता येत नाही. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याची.

आयआरएसचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. १९७० च्या वणव्यांत तिथे अनेक खात्यांची माणसं एकत्र लढली, पण त्यांचे हुकूम वेगळे होते आणि शब्दही वेगळे. आपल्याकडे महसूल, पोलीस, पाटबंधारे, महावितरण, जिल्हा परिषद यांचं पुरात असंच होतं. या पद्धतीत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आणि तालुक्याच्या पथकाचे प्रमुख तहसीलदार. त्यांच्या हाताखाली तीन विभाग: प्रत्यक्ष काम, नियोजन आणि साहित्य-पुरवठा. प्रत्येक माणसाला एकच वरिष्ठ, आणि एका वरिष्ठाकडे साधारण पाच जण.

ऑगस्ट २०२० आठवा. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी निरोप दोन राज्यं आणि तीन-चार जिल्हे ओलांडून गावात पोचायचा असतो. जुन्या रीतीला गावाबाहेर हात नाही. ठरलेल्या साखळीला तो असतो.

आता अडचण. आयआरएसची पथकं राज्य, जिल्हा, उपविभाग आणि तालुक्यापर्यंत आहेत. गावासाठी तयार साचा नाही. फॉर्म दहा आहेत. पंधराशे वस्तीच्या गावात ही सगळी पदं भरायला गेलात तर कागद भरतील आणि माणसं संपतील. शिवाय प्रशिक्षण घेतलेला अधिकारी बदलून गेला की नव्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मात्र पंचायतीलाही लागू आहे: कर्मचाऱ्यांना शिकवणं आणि साहित्य तयार ठेवणं ही तिची जबाबदारीच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गावाचा धोका वीज पडणं किंवा कडब्याच्या गंजीला आग लागणं एवढाच असेल, तर जुनी रीत ठेवा, फक्त फोन नंबरांची यादी दरवर्षी तपासा. नदीकाठी एकाहून जास्त टोल्या असतील आणि दर पुरात बाहेरची पथकं येत असतील, तर आयआरएस घ्या, पण छाटून. एक प्रमुख, त्याच्या गैरहजेरीत कोण ते लेखी, आणि तीन कामांना तीन माणसं. भामरागडसारखं पर्लकोटा नदीच्या पुरात दिवसेंदिवस तुटणारं गाव असेल, तर पुरवठ्याचा माणूस सर्वांत आधी नेमा. धान्य, औषधं आणि गरोदर बायांची यादी त्याच्याकडे जूनच्या आधी हवी.

दहांपैकी एक कागद मात्र सोडू नका: पहिला, घटनेच्या माहितीचा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट आली की त्यांना तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे की पाणी कुठवर आहे, कोणती टोली रिकामी झाली, कोण कुठे अडकलंय. हुकूम देण्याचा अधिकार सरपंचाकडून तहसीलदारांच्या पथकाकडे किती वाजता गेला, हेही त्यावर लिहा. अशा वेळी दोघांनी हुकूम देणं हे कोणीच न देण्याइतकंच घातक ठरतं.

तहसीलदारांकडे जाऊन गावाचा माणूस त्यांच्या साखळीत कोणाला उत्तर देणार, ते पावसाळ्याआधी लिहून घ्या. एका दुपारी सराव करा, ढीवर बांधवांना सोबत घेऊन. एक साधी वही शाळेच्या ओट्यावर ठेवा, जिथे येणारा प्रत्येक जण आधी नाव लिहील. त्यात डोंग्यांचंही पान हवं: कोणता डोंगा, सोबत कोण, कुठल्या टोलीकडे, किती वाजता निघाला, किती वाजता परतला.